अहवालातला 'पण'

प्रिय,

गृहभेटीचा तुझा अहवाल दोनदा वाचला. घरातली माणसं, त्यांचं आपसातलं बोलणं, सगळं नीट टिपलं आहेस. अडले ते एकाच वाक्याशी: 'मुलगी सावळी आहे, पण चुणचुणीत आहे.' तिथे 'पण' कशाला? तिची उंची लिहिताना नाही घातलास. रागावू नको. पहिल्या वर्षी मीही एका मुलीबद्दल 'रंगाने डावी' असं लिहिलं होतं, तेही दत्तकाच्या कागदपत्रांत. फाईल कधीच बंद झाली, शब्द तिथेच आहेत.

रंगभेद म्हटलं की गोरे आणि काळे असे दोन समाज डोळ्यांपुढे येतात. तुला जो भेटणार आहे तो एकाच घरात, सख्ख्या बहिणींमध्ये असतो. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, दुसऱ्या कलमात, भेदभावाची कारणं सांगताना वंश आणि रंग हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या छापील फॉर्मवर मात्र रंगाचा रकाना नसतो. आणि लोक आपणहून बोलत नाहीत. बाहेरच्याने हिणवलं तर माणूस चिडतो. घरातच लाडाने 'काळुंद्री' म्हणत असतील तर तक्रार कुणाची नि कुणाकडे? म्हणून विचारायचं तूच. 'रंगावरून त्रास होतो का?' असं थेट विचारलंस तर 'नाही' हेच उत्तर येईल. 'घरी तुला कोणत्या नावाने हाक मारतात? आणि बहिणीला?' असं विचार. मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड.

केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने अमेरिकेत कृष्णवर्णीय लहान मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी चांगली म्हणून गोरी बाहुली निवडली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याविरुद्ध तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये दिलेल्या निकालात त्यांच्या कामाचा आधार घेतला गेला. पण म्हणून तू मुलांपुढे बाहुल्या मांडू नकोस. तो प्रयोग होता, समुपदेशन नव्हे.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कुणी सांगितली. मारहाणीच्या केसमध्ये 'लालसरपणा नाही, वळ दिसत नाहीत' असं लिहून मोकळं होऊ नकोस. गडद त्वचेवर लाली आणि काळंनिळं पडलेलं सहज दिसत नाही. सूज आहे का, हात लावला की मूल दचकतं का, ते बघ. तपासणी डॉक्टरांकडूनच करून घे, आणि चांगल्या उजेडात. उलटही होतं. सावळ्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर-करडे डाग असू शकतात. ते मारल्याचे वण समजून आईबापांवर ठपका ठेवला गेला तर? जन्माच्या वेळची नोंद मागव. वण काही दिवसांत रंग बदलतो. हे डाग तितक्या दिवसांत बदलत नाहीत.

गोरं करणाऱ्या क्रीमविषयी भाषण देऊ नकोस, ती लावणाऱ्या बाईला तर मुळीच नको. तिला कुणी काय ऐकवलं म्हणून ती लावते ते ऐक. मात्र डबी पाहायला माग. काही क्रीम-साबणांत पारा असतो आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो. घटकांत 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरी' दिसलं, किंवा घटकांची यादीच नसली, तर डॉक्टरांकडे पाठव. घरात तान्हं मूल असेल तर लगेच.

तुझ्या स्वतःच्या रंगाबद्दल तू मला कधी काही बोलली नाहीस. बोललंच पाहिजेस असं नाही. पण त्या मुलीच्या आईने तुझ्याकडे बघून 'तुम्हाला काय कळणार' म्हटलं, ते अहवालातून का गाळलंस? तोंडी सांगितलंस म्हणून मला कळलं.

अहवाल नव्याने लिहून शुक्रवारपर्यंत पाठव. आईचं ते वाक्य त्यात असू दे, आणि मुलगी स्वतःबद्दल काय म्हणते तेही, तिच्याच शब्दांत.

तुझी,
ताई