शिल्लक लघवीचा आकडा कसा मोजला, हे आधी विचारा

आपल्या वडिलांच्या सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) ५२ ग्रॅम आणि लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १९० मिली शिल्लक असे आले असून, एवढ्यावरून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला होकार द्यावा का, असे आपण विचारले आहे. जवळपास असाच अहवाल माझ्याही हाती आला होता, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, केवळ रुग्ण आहे.

ग्रॅमच्या आकड्याने घाबरू नये. ३० ग्रॅमची ग्रंथीही मूत्रमार्ग आवळू शकते आणि ८० ग्रॅमची ग्रंथी असलेले गृहस्थ रात्रभर निवांत झोपू शकतात. शिल्लक लघवीचा आकडा मात्र महत्त्वाचा असतो, आणि तो कसा मोजला हे सहसा कोणी विचारत नाही. मी गेलो त्या केंद्रात बाटलीभर पाणी पाजून, ‘अजून भरलं नाही, बसा’ असे म्हणत इतके ताटकळत ठेवले की शेवटी बाकावर बसवेना. मग ‘आता पटकन करून या, मागे पेशंट आहेत’ असे सांगून ज्या स्वच्छतागृहात पाठवले, त्याची कडीही लागत नव्हती. प्रमाणाबाहेर ताणलेले मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही, त्यात दाराबाहेर कोणी खोळंबलेले असले की विचारायलाच नको. अहवालात छापला गेला तो नुसता आकडा, आणि त्याच्याच आधारे शस्त्रक्रियेची तारीख ठरून आगाऊ रक्कमही भरली गेली. पुढे दुसऱ्या युरोलॉजिस्टनी नेहमीइतकी लघवी लागल्यावर युरोफ्लोमेट्री (लघवीच्या धारेचा वेग मोजण्याची तपासणी) व लगेच सोनोग्राफी केली, तेव्हा शिल्लक पूर्वीच्या निम्मीही भरली नाही. केंद्रात जाऊन हे सांगितले, तर ‘मशीनवर दिसतं तेच आम्ही लिहितो’ असे उत्तर मिळाले! पैसे घेताना मात्र ही अलिप्तता कुठे दिसली नव्हती.

तेव्हा माझ्या मते ही तपासणी आधी पुन्हा, स्वस्थपणे करून घ्यावी. शिल्लक पुन्हा तेवढीच आली, मूत्रपिंडांना सूज असेल, मूत्राशयात खडे असतील किंवा वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर शस्त्रक्रिया टाळण्यात शहाणपण नाही. आणि लघवी पूर्ण तुंबली तर तडक रुग्णालय गाठावे.

प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झाल्यास मूत्रमार्गाजवळचे स्नायू सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनचा गुण थोड्या दिवसांत दिसतो, ग्रंथी लहान करणाऱ्या ड्युटास्टेराइडला मात्र सहा महिने द्यावे लागतात, आणि तिने पीएसएचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी होणाऱ्या रक्तचाचणीचा) आकडा साधारण निम्मा होत असल्याने ती चालू असल्याचे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी लघवी अडते, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे असेल, तर टॅमसुलोसिनविषयी डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा सैल पडू शकतो.