पिकअप मागून बसते, जादा पाटा टाकावा का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सोयाबीन भरलं की पिकअप मागून बसते, पांदणीच्या खड्ड्यात टायर बॉडीला घासतो आणि मिस्त्री दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी, टाकायला सांगतो. मी हिंगणघाटच्या बाजूला पिकअपच चालवतो. हंगामात सोयाबीन आणि कापूस, एरवी सिमेंट-लोखंड. माझं म्हणणं एवढंच, आधी काटा करा, मग पाट्याला हात लावा.

आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं अशी दोन वजनं असतात. त्यांतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. ड्रायव्हर, केबिनमधली माणसं, नंतर लावलेली जाळी, उंच केलेले फाळके हे सगळं त्यातच धरायचं. १७ क्विंटल माल म्हणजे ५० किलोच्या ३४च सिमेंट पिशव्या, बॉडी कितीही रिकामी दिसो. कापसाचा ढीग डोंगराएवढा आणि वजन कमी, सोयाबीनचं नेमकं उलटं. म्हणून अंदाजावर राहू नका. जिनिंगच्या नाहीतर मार्केट यार्डच्या काट्यावर पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याबाहेर ठेवून नुसतं मागचं घ्या.

वजन जास्त निघालं तर जादा पाटा टाकू नका. गाडी वर उचलली जाईल, पण एक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक आहेत तेवढ्याच ताकदीचे राहतील. उलट गाडी सरळ दिसते म्हणून आणखी दोन क्विंटल चढतात, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मालानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. पाटा टाकून उंची वाढली की त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी, मग भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ चा जादा वजनाचा दंड वेगळाच, २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

वजन बरोबर असेल तर माल कुठे रचता ते पाहा. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा. मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे, फाळक्यापाशी ३०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर ४०० किलो येतात आणि पुढची चाकं १०० किलोने हलकी होतात. स्टेअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर जातो, तो यामुळेच. जड पोती केबिनला लावून रचा.

आता पाटे. गाडी रिकामी, जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर. दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत माप घ्या. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा तुटलेला पाटा, पाट्याच्या टोकातला झिजलेला बुश किंवा काळ्या मातीने जाम झालेलं शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) शोधा. तडा बहुतेक सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ सापडतो. रिकाम्या गाडीतही दोन्ही बाजूंची कमान सपाट झाली असेल तर पाटे खरंच दमलेत. भरल्यावर कमान सरळ होणं ठीक आहे, बऱ्याच पिकअपमधला खालचा जाड पाटा तेव्हाच कामाला लागतो. पण ती उलटी वाकली तर गडबड आहे. शॉकअप बदलून उंची येत नाही, त्याचं काम फक्त उसळी आवरणं.

दमलेले पाटे नुसते घणाने ठोकून वाकवून घेतले तर लवकरच परत बसतात. भट्टीत तापवून, तेलात विझवून पुन्हा बेताचा ताव देणारा खात्रीचा कारागीर असेल तरच ते काम करून घ्या. नाहीतर कंपनीच्या मापाचा नवा सेट दोन्ही बाजूंना टाका. पाट्याला वेल्डिंग कधीच नको, तिथेच तो मोडतो. लांब शॅकल लावून उंची वाढवण्याच्याही नादी लागू नका, भार पेलायची ताकद त्याने तसूभर वाढत नाही.

सेट बदलताना पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घ्या. पहिल्या काही खेपा मारल्यावर, साधारण ५०० किलोमीटरच्या आत, यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ते ढिले राहिले तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल जागचा सरकतो. आणि मागची उंची बदलली म्हणजे हेडलाइटही त्याच दिवशी सेट करून घ्या.