मुलीच्या तलवारबाजीच्या साहित्यासाठी बॅग कोणती घ्यावी? चाकांची की खांद्यावरची?

खांद्यावरची घ्या. चाकांची बॅग वाईट नसते, पण तुम्ही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची आहे, फॉइल (फॉइल, इपी, सेबर या तीन शस्त्रांपैकी एक) खेळते, सरावाला तुम्ही स्कूटरवरून सोडता आणि बाहेरगावच्या स्पर्धा आत्ता यंदापासून सुरू होतील. अशा घरात चाकांचा उपयोग वर्षातून दोन-चारदा आणि अडचण रोजची.

मी पूर्वी खेळायचो, आता आमच्या क्लबातल्या मुलांची शस्त्रं दुरुस्त करून देतो. त्यामुळे बॅगेकडे मी जरा उलट्या बाजूनं बघतो. कोणत्या बॅगेतून काय बिघडून माझ्या टेबलावर येतं, ते मला जास्त ठाऊक. आणि जे येतं त्यातलं बरंचसं खेळून बिघडलेलं नसतं, बॅगेत पडून बिघडलेलं असतं.

मुख्य कारण ओल. दोन तास सराव केल्यावर जॅकेट, ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची पँट), जॅकेटच्या आत घालायचा संरक्षक प्लास्ट्रॉन, ग्लोव्ह हे सगळं घामानं चिंब असतं. मुलं ते गोळा करून बॅगेत कोंबतात, वरून शस्त्रं ठेवतात, चेन लावतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबातच उघडतात. साधी पाती कार्बन स्टीलची असतात. जुलै-ऑगस्टमध्ये अशी एक रात्र त्यांना पुरते; सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. पुसलं नाही तर गंज आत खातो आणि पातं तिथेच मोडतं. तुमची मुलगी फॉइल खेळते म्हणजे लामेही आलं, ते चकचकीत धातूच्या धाग्यांचं जॅकेट; त्यातून वीज वाहते म्हणूनच लागलेला वार यंत्रावर नोंदला जातो. त्याचा तर घामातल्या मिठाशी उभा दावा. धागा काळा पडतो, तिथून वीज नीट जात नाही. स्पर्धेत तपासणी होते तेव्हा लामेचा विजेला होणारा रोध ५ ओहमच्या वर गेला की ते बाद. नवं लामे घ्यायचं म्हणजे बॅगेइतकाच खर्च, कधी जास्तच.

म्हणून बॅग बघताना पहिला प्रश्न एवढाच विचारा: शस्त्रांचा कप्पा कपड्यांपासून पूर्ण वेगळा आहे का? मधे नुसतं जाळीचं कापड असेल तर तो वेगळा धरू नका. मधला पडदा रेक्झिनचा किंवा आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचा हवा, आणि दोन्ही कप्प्यांना स्वतंत्र चेन हवी. लामेसाठी एक सपाट कप्पा मिळाला तर उत्तम, कारण ते घडी घालून ठेवलं की घडीवरच धागे तुटतात. तसा कप्पा नसेल तर सैल गुंडाळी करून सगळ्यात वर ठेवा. ओला ग्लोव्ह मास्कच्या आत ठेवायची सवय मात्र आत्ताच मोडा. मास्कची जाळीही धातूचीच असते. आणि घरी आल्यावर बॅग रिकामी करणं, कपडे वाळत टाकणं, पात्यावरून तेलाचं फडकं फिरवणं यातून कुठलीही महागडी बॅग सुटका करत नाही. जी बॅग पूर्ण उघडून भिंतीला उभी करून वाळवता येते ती माझ्या मते अर्धी लढाई जिंकलेली.

आता माप. नियमाप्रमाणे फॉइल आणि इपीची पूर्ण लांबी ११० सेंमीपर्यंत असते, सेबरची १०५. (भवानीदेवी टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली ते सेबर.) मुलगी सध्या दोन नंबरच्या आखूड पात्यानं खेळत असेल तर दुकानदार छोटी बॅग दाखवेल, ती घेऊ नका. वयोगट बदलला की पाच नंबरचं पातं येणारच, ९० सेंमीचं, आणि तोवर बॅग फाटलेलीही नसेल. आतून ११२ ते ११५ सेंमी लांबी मिळाली की पुढची सगळी वर्षं भागतात. ‘आतून’ यासाठी म्हणतोय की विकणारे बहुतेकदा बाहेरचं माप सांगतात. काही पालक विचारतात, पातं सुटं करून साध्या सूटकेसमध्ये नेलं तर? पातं आणि मुठीत जाणारा त्याचा दांडा मिळूनच मीटरभर होतं, त्यामुळे जागा फारशी वाचत नाही. शिवाय विजेच्या फॉइलमध्ये पात्यावरून गार्डमध्ये (मुठीपुढच्या वाटीत) जाणारी बारीक तार असते. दर वेळी खोलून-जोडून तीच तुटते, आणि मग गाठ माझ्याशी.

रुंदी गार्डवरून ठरते. फॉइलचं गार्ड १२ सेंमीपर्यंत, इपीचं १३.५. फॉइलं उलटसुलट ठेवली, म्हणजे एकाची मूठ वर तर दुसऱ्याची खाली, की चपट्या बॅगेत तीन-चार आरामात मावतात. मास्क मात्र जागाखाऊ. पुष्कळ चपट्या बॅगांत तो आत मावत नाही, बाहेर हुकला लटकवतात. सरावापुरतं ठीक, पण प्रवासात मास्क आतच हवा. जाळीला पोचा बसला की स्पर्धेतला तपासनीस तो परत देईल याची खात्री नाही, आणि तेही बरोबरच, कारण त्या जाळीमागे चेहरा असतो.

स्कूटरचं काय? सव्वा मीटरची बॅग पाठीवर उभी घेऊन मागे बसलेली मुलगी मी रोज बघतो. बॅगेचं टोक डोक्याच्या वर जातं, झाडाच्या फांदीला, पार्किंगच्या छताला लागतं. आडवी धरली तर शेजारच्या रिक्षाला. त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे दोन पट्टे असलेली, पाठीला घट्ट बसणारी बॅग आणि कमरेला एक बकल. एकाच खांद्यावरचा पट्टा स्कूटरवर घसरतो आणि बारा वर्षांच्या पाठीला तो तसाही नको. वजनाचा अंदाज घ्या: तीन फॉइलं मिळून दीड किलोच्या आत, कारण एक फॉइल ५०० ग्रॅमच्या आतच असावं लागतं. मास्क साधारण दीड-दोन किलो. कपडे, बूट, चेस्ट गार्ड, वायरी, पाण्याची बाटली धरून एकूण सात-आठ किलो. चाकांची बॅग रिकामीच चार-पाच किलोची भरते. रेल्वेच्या पुलावर आणि एसटी स्टँडवर चाकं चालत नाहीत, तिथे ते सगळं तिला उचलावं लागेल. म्हणजे तुम्हालाच.

रेल्वेनं जाताना ही चपटी बॅग खालच्या बर्थखाली भिंतीला लागून बसते, कुणाच्या पायात येत नाही. विमानाची गोष्ट वेगळी. शस्त्रं केबिनमध्ये नेताच येत नाहीत, ती चेक-इन करावी लागतात. देशातल्या साध्या तिकिटावर साधारण १५ किलो मिळतात, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमीची मर्यादा बऱ्याच कंपन्या लावतात. ११५ लांबीच्या बॅगेला उरले ४३ सेंमी. चपटी बॅग (समजा २८ रुंद, १५ जाड) त्यात बरोबर बसते. मोठी चाकांची बॅग बसत नाही आणि जादा पैसे लागू शकतात. तिकीट काढतानाच खेळसाहित्याचा नियम वाचून घ्या.

स्टेशनवर किंवा मेट्रोत सामान यंत्रातून जातं तेव्हा पडद्यावर तलवारी दिसतात आणि पुढचा संवाद ठरलेला. बाहेरच्या कप्प्यात मुलीचं क्लबाचं किंवा संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र ठेवा. बॅग उघडून दाखवली, टोकाला बटण आहे आणि धार नाही हे दिसलं की बहुतेक पोलीस हसून सोडतात. एखादा स्वतःच हातात घेऊन बघतो.

बारीकसारीक वस्तूंसाठी चेनचा एक कप्पा हवाच. स्पर्धेत पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) उभं राहताना दोन चालू शस्त्रं आणि दोन बॉडी वायर (जॅकेटच्या आतून शस्त्राला जोडायची वायर) जवळ असाव्या लागतात. मास्क लामेला जोडणारी मास्क वायर वेगळी. टोकाचे दोन इवलेसे स्क्रू आणि ते फिरवायचा बारीक स्क्रूड्रायव्हर डबीत घालून याच कप्प्यात. वायरी शस्त्रांच्या गार्डखाली दाबल्या गेल्या की आतून तुटतात आणि बाहेरून कळतही नाही. बॅगेवर पैसे वाचले तर त्यातून दुसरी बॉडी वायर घ्या.

लिऑन पॉल, ऑलस्टार, उल्मान यांच्या चाकांच्या बॅगा मी हाताळल्यात. टिकतात, प्रश्नच नाही. पण त्या किमतीत देशी मास्क आणि जॅकेट दोन्ही येऊन वर पैसे उरतील. मुलगी राष्ट्रीय पातळीवर नियमित जायला लागली, दोन जॅकेटं आणि चार-पाच शस्त्रं झाली, तर तेव्हा विचार करा. तेव्हाही आतला शस्त्रांचा कप्पा काढता-घालता येणारा बघा, कारण तपासणीला शस्त्रं, मास्क, वायरी एवढंच घेऊन रांगेत उभं राहायचं असतं.

सध्यासाठी मी काय करेन, तर जालंधर-मेरठच्या तयार बॅगा एकदा बघेन आणि नाहीच पटलं तर गावातल्या बॅग शिवणाऱ्याकडे जाईन. आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या बॅगा तशाच झाल्यात. त्याला तीन गोष्टी सांगा: चेन १० नंबरची लाव, पाच नंबरची नको, पट्टे नुसते कडेला न शिवता खालून पूर्ण फिरवून घे, आणि दोन्ही टोकांना आतून जाड रेक्झिनचा दुहेरी तुकडा लाव, कारण पात्याची टोकं नेमकी तिथूनच बाहेर येतात. रंग गडद घ्या. कागदावर माप लिहून नेऊ नका, क्लबातलं पाच नंबरचं फॉइल आणि मास्क तासाभरासाठी मागून घ्या आणि त्याच्या टेबलावर ठेवा. बाकीचं तो स्वतःच मोजेल.