समुद्र दिसेपर्यंत नकाशा मागे घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा सुटून वीस वर्षं झाली, नोकरी-संसार ठीक चाललाय, पत्ता शोधायला फोनमध्ये नकाशा आहे. मग कोणता देश कुठे आहे हे मोठ्या माणसाला माहीत असायची खरंच गरज आहे, की ते फक्त परीक्षेपुरतं?

माझ्या मते गरज आहे. मात्र शाळेत जे पाठ करून घेतलं त्यातलं बरंचसं विसरलात तरी चालेल. राजधान्या, झेंडे, सर्वात उंच शिखर, सर्वात लांब नदी यांच्यावाचून कोणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नसून कॅनबेरा आहे हे हवं तेव्हा शोधता येतं. अडतं ते वेगळ्याच गोष्टींवाचून. कोण कोणाच्या शेजारी आहे, कोणाला समुद्र आहे आणि कोणाला नाही, नदी कोणाच्या डोंगरात उगम पावते आणि कोणाच्या शेतात पोचते, दोन ठिकाणांमधलं अंतर खरोखर किती, या गोष्टी डोक्यात नसल्या तर शोधायला हवं हेच सुचत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. मी बरीच वर्षं मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम केलं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत काँगोला जाणारा एक कंटेनर माझ्याकडे आला. पत्त्यात शहर होतं किन्शासा. मी बंदरांच्या यादीत काँगो शोधलं, तिथे प्वांत-न्वार हे बंदर दिसलं, बुकिंग केलं आणि पुढच्या कामाला लागले. काँगो नावाचे दोन देश आहेत हे मला माहीत नव्हतं. एकाची राजधानी किन्शासा, दुसऱ्याची ब्राझाव्हिल. दोन्ही शहरं एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहेत, एकाच्या काठावरून दुसरं दिसतं, आणि मध्ये पूल नाही. प्वांत-न्वार हे ब्राझाव्हिलकडच्या काँगोचं बंदर. किन्शासाचा माल साधारणपणे मातादीला उतरतो, जे त्याच नदीवर समुद्राच्या बाजूला आहे. चूक कळली तेव्हा जहाज निघून गेलं होतं. कागद नव्याने करून तो कंटेनर योग्य ठिकाणी पोचवण्यात दीड महिना गेला. त्यात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग होते. कुणीतरी दीड महिना त्या भागांवाचून काढला, हे मला आजही आठवतं.

माझ्यासमोर तेव्हा याद्या होत्या, विचारायला माणसं होती. शंका आली असती तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण मला शंकाच आली नाही. म्हणून 'फोनवर सगळं मिळतं' हे मला पूर्ण उत्तर वाटत नाही. शंका येण्याइतका भूगोल आपल्या डोक्यातच असावा लागतो, तो आयत्या वेळी उसना मिळत नाही.

तुमचं काम मालवाहतुकीचं नसेल, तर मग २०१४ चं उदाहरण घ्या. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाची मोठी साथ आली. ती आटोक्यात येईपर्यंत अकरा हजारांहून जास्त माणसं गेली. त्या काळात जगभरच्या लोकांनी केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या सहली रद्द केल्या, कारण बातमीत 'आफ्रिका' हा शब्द होता. आता नकाशावर अंतर मोजा. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियापासून केनियाची नैरोबी साधारण ५,३०० किलोमीटरवर आहे. त्याच मन्रोव्हियापासून माद्रिद चार हजारांच्या आत आहे. लंडनसुद्धा नैरोबीपेक्षा जवळ आहे. साथीच्या भीतीने कुणी स्पेनची सहल रद्द करायची ठरवली असती तर ते निदान अंतराच्या हिशोबाने जास्त सुसंगत ठरलं असतं! ज्या देशांत ती साथ पोचलीच नव्हती तिथल्या वाटाड्यांचा, गाडीचालकांचा, छोट्या हॉटेलवाल्यांचा हंगाम बुडाला. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि ती एक प्रचंड जमीन आहे एवढंच ज्याच्या मनात पक्कं असतं, त्याने आधी 'नेमकं कुठे?' असं विचारलं असतं.

त्या प्रचंडपणाचा अंदाज आपल्याला येत नाही, यात आपला दोष थोडा आणि भिंतीवरच्या नकाशाचा जास्त. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एक दिशा धरून जायचं तर त्यावर सरळ रेघ मारता येत असे. त्या सोयीसाठी ध्रुवांकडचे प्रदेश फुगवावे लागले. त्यावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. अमेरिका, चीन आणि भारत हे तिन्ही देश आफ्रिकेच्या आत ठेवले तरी जागा उरते. फोनमधले बरेच नकाशे आजही याच पद्धतीने काढलेले असतात. म्हणून जमलं तर घरात पृथ्वीचा गोल ठेवा, लहान असला तरी चालेल. दुबई आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये त्या गोलावर दोरा ताणून बघा. तो अटलांटिकवरून आडवा न जाता वर उत्तर ध्रुवाच्या बाजूला सरकतो. विमान 'उलटीकडून' का जातं, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

नाईलबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण मोठ्या माणसाला भूगोल कशासाठी हवा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि वाळवंट आठवतं. पण तो देश खऱ्या अर्थाने एका हिरव्या पट्टीत राहतो. बहुतेक सगळी वस्ती नदीच्या काठावर आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात एकवटलेली आहे, कारण तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. नकाशा वरून खाली वाचायची सवय असल्यामुळे कितीतरी जणांच्या मनात ती उलटीच वाहत असते. तिच्या दोन मुख्य धारा आहेत, पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते, निळी नाईल इथिओपियातल्या ताना सरोवरातून निघते, आणि दोघी सुदानच्या खार्टूमला मिळतात. नकाशावर पांढरी नाईल जास्त लांब दिसते, पण इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातला ८५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा इथिओपियाच्या डोंगरांवरच्या पावसाचा असतो.

एवढं चित्र डोळ्यांसमोर असलं की पुढचं राजकारण आपोआप उलगडतं. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान या दोघांनी आपसात करार करून नदीचं पाणी वाटून घेतलं. ज्याच्या डोंगरातून बहुतेक पाणी येतं त्या इथिओपियाला त्यात वाटा नव्हता. २०११ मध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधायला घेतलं आणि २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मधल्या काळात तिन्ही देशांच्या किती बैठका झाल्या आणि किती फिसकटल्या! दोन्ही बाजूंना दहा कोटींहून जास्त माणसं आहेत. इथिओपियात कितीतरी घरांत अजून वीज नाही, आणि इजिप्तला प्यायला आणि शेतीला दुसरी नदी नाही. बातमीत एखादा नेता 'आमच्या जीवनमरणाचा प्रश्न' म्हणाला तर तो भाषणबाजी करतोय की खरं बोलतोय, हे ठरवायला नकाशा लागतो. मला तरी नकाशा बघितल्यावर दोघांचंही खरं वाटतं, आणि प्रश्न इतका अवघड का आहे ते कळतं.

अरुंद समुद्रवाटांचंही असंच आहे. कुवेत, कतार आणि बहरीन यांच्या जहाजांना खुल्या समुद्रात यायला होर्मुझच्या सामुद्रधुनीशिवाय वाट नाही, आणि ती सर्वात अरुंद जागी चाळीस किलोमीटरसुद्धा रुंद नाही. मार्च २०२१ मध्ये चारशे मीटर लांबीचं एकच जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. मग २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या दुसऱ्या दाराशी, बाब-अल-मांदेबला, जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा सुएझ उघडा असूनही बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. एक दार बंद झालं की दुसरं उघडं असून फारसा उपयोग नाही, हे नकाशात एका नजरेत दिसतं. शब्दांत सांगायला मला चार वाक्यं लागली.

तुमच्या प्रश्नाखाली एकांनी लिहिलंय की देशांची नावं आणि सीमा सारख्या बदलतात, मग शिकून काय उपयोग? मुद्दा चुकीचा नाही. सोव्हिएत संघाचे पंधरा देश झाले, १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन झाले, २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, २०१८ मध्ये स्वाझीलंडचं नाव एस्वातिनी झालं. पण बदललं काय ते बघा. काळ्या समुद्रातून बाहेर पडायला जहाजांना आजही तुर्कस्तानातल्या बॉस्पोरसच्या सामुद्रधुनीतूनच जावं लागतं, साम्राज्य कोणाचंही असो. इरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. रेघ बदलली, आणि समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्याच्या बंदराची मिनतवारी करावी लागते हा नियम त्याला लागू झाला. म्हणून मी म्हणते, आधी पाणी आणि डोंगर शिका. सीमा त्यांच्यावर काढलेल्या असतात, त्या बदलल्या की तेवढ्या खोडून नव्या काढता येतात.

आणि कधीकधी प्रश्न थेट जिवाचा असतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सुमात्राच्या पश्चिमेकडचं सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. लाटा तिथे काही मिनिटांतच पोचल्या. तरीही जवळजवळ ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर दगावलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९०७ च्या लाटेची आठवण तिथल्या लोकांनी 'स्मोंग' या एका शब्दात आणि अंगाईगीतांत जपून ठेवली होती. जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळायचं. त्याच दिवशी थायलंडच्या फुकेतमध्ये सुट्टीवर आलेल्या एका दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने समुद्राचं विचित्र फेसाळणं ओळखलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने ते शिकलं होतं. तिच्या सांगण्यावरून किनारा रिकामा केला गेला आणि शंभराच्या आसपास माणसं वाचली. बेटावरच्या लोकांना हे आजीआजोबांनी सांगितलं होतं. त्या मुलीला सांगणारा असा समुद्र तिच्या घराजवळ नव्हता, तिला ते फक्त भूगोलाच्या तासाने दिलं. त्या किनाऱ्यावर मोठी माणसं कितीतरी होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी शाळेत कधीतरी भूगोल घेतला असणार. मला ही गोष्ट आठवली की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आता शिकायचं कसं? पाठांतराच्या वाटेला जाऊ नका. मी स्वतः दोनच गोष्टी करते. पहिली म्हणजे, बातमीत अनोळखी नाव आलं की ते फोनच्या नकाशावर शोधायचं आणि मग समुद्र दिसेपर्यंत मागे यायचं. फोन आपल्याला थेट त्या ठिपक्यावर नेऊन सोडतो, गल्लीबोळ दाखवतो, आणि आजूबाजूचं सगळं चौकटीबाहेर राहतं. हळूहळू मागे येताना शेजारी दिसतात, नदी कुठे जाते ते दिसतं, आणि किनारा किती लांब आहे त्यावरून त्या देशाची निम्मी अडचण समजते. दुसरी गोष्ट महिन्यातून एकदा. कोरा कागद घेऊन आठवेल तसं जग काढायचं. पहिल्यांदा ते फार वेडंवाकडं येतं, त्याने खचू नका. कागदावर जिथे हात अडखळतो तिथेच आपल्याला काय माहीत नाही ते कळतं. माझा हात कित्येक महिने मध्य आशियात अडखळायचा. कॅस्पियनच्या पूर्वेला मी नुसती मोकळी जागा सोडत होते, आणि तिथे कझाकस्तान नावाचा जगातला नवव्या क्रमांकाचा मोठा देश आहे! वय झालं, आता लक्षात राहत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नुसती नावं मलाही राहत नाहीत. नाव, पाणी आणि शेजारी असे तिन्ही एकत्र भेटले की राहतात.

सुरुवात कुठून करायची असं विचारलंत तर मी चाड म्हणेन. उत्तर-मध्य आफ्रिकेतला, समुद्र नसलेला देश, ज्याचं नाव बातम्यांत क्वचित येतं. त्याच्या उत्तर भागात बोदेले नावाचा खोलगट प्रदेश आहे. तिथे एकेकाळी प्रचंड सरोवर होतं, ते आटलं आणि त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची भुकटी तळाशी उरली. दोन डोंगराळ भागांच्या मधून येणारा जोरदार वारा ती भुकटी उचलतो. समुद्र दिसेपर्यंत नकाशा मागे घ्या, मग अटलांटिक ओलांडून आणखी मागे या. ती धूळ तिथे, ॲमेझॉनच्या जंगलावर, पडते. तिच्यात फॉस्फरस असतो, आणि मुसळधार पावसाने जंगलाच्या मातीतून वाहून गेलेल्या फॉस्फरसची थोडीफार भरपाई त्याने होते.