नवा कर बसवायचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : आमच्या घराच्या संपत्ती कराच्या पावतीवर संपत्ती कराखेरीज समेकित कर, शिक्षण उपकर आणि नगरीय विकास उपकर अशा आणखी तीन ओळी असतात. तरीही नगर निगमाच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की उत्पन्नाचे नवे स्रोत शोधले पाहिजेत, असे दरवर्षी कानावर येते. निगमाला परिषदेत ठराव करून एखादा नवा कर सुरू करता येतो का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांना मान दिला खरा, पण त्यांना कोणते कर लावू द्यायचे हे ठरवण्याचे काम राज्याच्या विधिमंडळाकडेच ठेवले. त्यामुळे १९५६ च्या मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियमात जे कर सांगितले आहेत, त्यांच्याच चौकटीत परिषदेला निर्णय घेता येतो. चौकटीबाहेरच्या करासाठी भोपाळला विधानसभेतच जावे लागते. घरोघरच्या कचरा संकलनासारखे शुल्क हा वेगळा प्रकार आहे, कारण ते ठरावीक सेवेच्या बदल्यात घेतले जाते. मात्र सेवेच्या खर्चाशी त्याचा मेळ उरला नाही, तर शुल्काच्या नावाखाली कर घेतल्याचा आक्षेप न्यायालयात येऊ शकतो.

विधानसभेलाही आता मोकळे रान नाही. जुन्या वाचकांना चुंगी नाके, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर जकात घेणारे नाके, आठवत असतील. १९७६ मध्ये मध्य प्रदेशात चुंगी उठली, राज्याने प्रवेश कर आणला आणि निगमांच्या वाट्याला ‘चुंगी क्षतिपूर्ती’ आली, म्हणजे स्वतः वसूल करायचा पैसा वरून येण्याची वाट पाहणे आले. पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, त्यासाठीच्या घटनादुरुस्तीने प्रवेश कराबरोबर जाहिरातींवरील कराची नोंदही राज्यसूचीतून, म्हणजे राज्यांना कायदे करता येणाऱ्या विषयांच्या घटनेतील यादीतून, गेली. करमणूक कर तेवढा स्थानिक संस्थांनी लावून वसूल करण्यापुरता शिल्लक राहिला. जमीन आणि इमारतींवरील कर राज्यसूचीत कायम आहे, पण त्यातही केंद्र सरकारच्या मालमत्ता २८५ व्या अनुच्छेदामुळे सर्वसाधारणपणे बाहेर राहतात.

आमच्या मते खरी मागणी नव्या कराची नसून जुन्या एका कराची असावी. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा वृत्तिकर २७६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यासाठी किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेसाठी लावता येतो. आपल्याकडे १९९५ च्या राज्य कायद्याने तो राज्याच्या तिजोरीत जातो. इंदूरच्या कार्यालयांत आणि दुकानांत कमावणाऱ्यांचा हा कर निगमाला द्यायचा, तर त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, राज्याचा कायदा बदलला तरी पुरते. वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा मात्र १९८८ पासून तशीच आहे आणि ती वाढवायची तर संसदेकडे जावे लागेल.

प्रश्न : निगमाने २०२३ मध्ये काढलेले हरित रोखे हे नवे उत्पन्नच नव्हे का?
— एक वाचक, पळशीकर कॉलनी, इंदूर

उत्तर : ते कर्ज आहे. २४४ कोटी रुपयांचे हे रोखे जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी काढले गेले. जलूदहून नर्मदेचे पाणी उपसून शहरापर्यंत आणण्याचा विजेचा खर्च मोठा असतो आणि तो कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. कर लावण्याचा कोणताही नवा अधिकार त्यातून मिळत नाही. व्याज आणि मुद्दल विजेची जी बचत होईल तिच्यातून आणि पहिल्या वाचकाच्या पावतीवरच्या त्याच चार ओळींतून फेडायचे आहे.