रूझवेल्टने कोणाचा ‘विश्वास’ मोडला?

प्रश्न असा आलाय : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टवरच्या एका अनुवादित मजकुरात त्याला ‘विश्वासभंजक राष्ट्राध्यक्ष’ म्हटलंय, आणि पुढे १८९० च्या ‘विश्वासविरोधी कायद्या’चा उल्लेख आहे. मजकूर तर त्याची स्तुती करणारा. मग त्याने विश्वास मोडला तो कोणाचा? मराठीत याला खरं म्हणायचं काय? आणि जाता जाता, नाव रूझवेल्ट की रोझवेल्ट?

विश्वास कोणाचाच मोडला नाही. (त्या काळचे बडे बँकर मॉर्गनसाहेब, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं, पण ते पुढे येईल.) मूळ इंग्रजी शब्द ‘ट्रस्टबस्टर’. अनुवादकाने कोशात ‘ट्रस्ट’ पाहिला, पहिला अर्थ ‘विश्वास’ दिसला आणि तोच उचलला. दुसरा अर्थ, म्हणजे विश्वस्त संस्था, घेतला असता तरी गाडी अडलीच असती. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि विश्वस्तांची भांडणं. एका देशाचा अध्यक्ष असल्या संस्था मोडत सुटला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे कोणाला पटेल?

पण गंमत म्हणजे अमेरिकेतला तो ट्रस्ट आणि आपला ट्रस्ट कायद्याच्या अंगाने सख्खे भाऊ आहेत. आपला भारतीय न्यास अधिनियम १८८२ चा. त्याच वर्षी, २ जानेवारीला, तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा ट्रस्ट करारनामा झाला. अडचण अशी होती की ओहायोच्या कायद्यानुसार तिथल्या कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या कंपन्यांचे शेअर धरून ठेवता येत नव्हते, आणि रॉकफेलरचा पसारा तर अनेक राज्यांत. मग सॅम्युएल डॉड या वकिलाने इंग्लिश कायद्यातली जुनी सोय हुडकली. नाबालिग वारसाची मालमत्ता विश्वस्ताने सांभाळावी, नावावर त्याच्या पण फायदा वारसाचा, ही ती सोय. तिच्या आधाराने चाळीसेक कंपन्यांच्या भागधारकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या स्वाधीन केले आणि बदल्यात ट्रस्टची प्रमाणपत्रं घेतली. कागदोपत्री कंपन्या वेगळ्या, मालक वेगळे. प्रत्यक्षात तेलाचा भाव, वाहतूक, कोणाला जगवायचं नि कोणाला बुडवायचं हे ती नऊ माणसं ठरवणार. पोरक्या वारसासाठी केलेली सोय देशातल्या एका बड्या धनाढ्याच्या कामी आली!

नमुना एकदा हाती आल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? सरकीच्या तेलाचा ट्रस्ट झाला, व्हिस्कीचा झाला, साखरेचा झाला. १८८९ मध्ये ‘पक’ या साप्ताहिकात जोसेफ केपलरचं एक व्यंगचित्र आलं. सिनेटच्या सभागृहात मागच्या बाजूला पैशाच्या थैल्यांसारखी पोटं सुटलेले अगडबंब शेठ ओळीने उभे, एकेकाच्या पोटावर नाव : स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट, शुगर ट्रस्ट, कॉपर ट्रस्ट. पुढे बाकांवर बसलेले सिनेटर त्यांच्यासमोर चिमुकले. आणि वर एका कोपऱ्यात जनतेसाठीचा दरवाजा, त्यावर पाटी ‘बंद’. या चित्रापर्यंत येता येता ‘ट्रस्ट’ ही शिवी झाली होती. पुढच्याच वर्षी, जुलै १८९० मध्ये, शर्मन कायदा आला; प्रश्नातला ‘विश्वासविरोधी कायदा’ तो हाच. व्यापारात अडथळा आणणारा ‘ट्रस्टच्या किंवा अन्य स्वरूपातला’ संयोग बेकायदा, असं त्याच्या पहिल्याच कलमात आहे. ‘अँटीट्रस्ट’ हे नाव चिकटलं ते यावरून. विश्वासाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आता खरी मेख. रूझवेल्ट १९०१ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीच्या हत्येनंतर गादीवर आला, तोवर खरेखुरे ट्रस्ट जवळजवळ उरलेच नव्हते. १८९२ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने तिथल्या स्टँडर्ड ऑइलला ट्रस्टमधून बाहेर पडायला लावलं. दरम्यान न्यू जर्सीने एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला परवानगी देऊन टाकली, त्यामुळे विश्वस्तांचा खटाटोप करायची गरजच संपली. वस्तू गेली, शब्द मात्र राहिला, उलट फोफावला. शिकागोच्या मांस-कंपन्यांच्या टोळक्याला सगळे ‘बीफ ट्रस्ट’ म्हणत. तिथे ना विश्वस्त, ना करारनामा.

रूझवेल्टचा पहिला गाजलेला खटला, फेब्रुवारी १९०२ चा, नॉर्दर्न सिक्युरिटीजवरचा. वायव्येकडच्या रेल्वे एका मुठीत आणणारी, मॉर्गन आणि रेल्वेमालक जेम्स हिल यांची ही कंपनी न्यू जर्सीतच नोंदलेली होती. म्हणजे ‘ट्रस्टबस्टर’ने जो पहिला ट्रस्ट धरला तो ट्रस्ट नव्हताच! खटल्याची बातमी आल्यावर मॉर्गन व्हाइट हाउसवर येऊन म्हणाला म्हणे, की आमचं काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, दोघं मिळून निस्तरतील. त्यावर अॅटर्नी जनरल (सरकारचा मुख्य वकील) नॉक्सचं उत्तर : निस्तरायचं नाही, थांबवायचं आहे. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला.

तर मराठीत काय म्हणावं? पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तो ‘मक्तेदारीविरोधी’. बातमीत, आजच्या बड्या टेक कंपन्यांवरच्या खटल्यांसाठी तो चालून जातो, रुळलेलाही आहे. माझी कुरकूर दोन गोष्टींसाठी. एक, मक्ता हा मूळचा अरबी शब्द आपल्याकडे सरकारी वसुलीतून आला. जकातीचा मक्ता, ताडीचा मक्ता सरकार द्यायचं आणि मक्तेदार त्याबद्दल रक्कम भरायचा. रॉकफेलरला मक्ता कोणी दिला नव्हता, त्याने तो आपसात कागद करून स्वतःच तयार केला. ही तक्रार सोडून देता येईल, कारण आज मक्तेदारीचा तो अर्थ कोणाच्या डोक्यात नसतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. हा कायदा नुसत्या मक्तेदारीवर नाही, संगनमतावरही आहे. त्यामुळेच तो कामगारांवर उलटला. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या टोप्या बनवणाऱ्या कामगारांनी १९०२ मध्ये एका कारखान्याच्या मालावर देशभर बहिष्कार पुकारला. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा बहिष्कारही व्यापारात अडथळा आणणारा संयोगच. नुकसानभरपाई अडीच लाख डॉलरच्या घरात गेली आणि साध्या कामगारांच्या घरांवर, बँकेतल्या पुंजीवर जप्ती आली. ‘मक्तेदारीविरोधी कायद्याखाली टोपीवाल्या कामगारांना दंड’ असं वाक्य वाचून मराठी वाचक बुचकळ्यात पडणार. तिथे ‘संगनमतविरोधी’ म्हटलं की चटकन उलगडतं. पुढे राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या कारकिर्दीत १९१४ च्या क्लेटन कायद्यात ‘माणसाचे श्रम ही बाजारातली वस्तू नव्हे’ असं वाक्य घालावं लागलं, ते याच पार्श्वभूमीवर.

म्हणून इतिहासावर लिहिताना मी सरळ ‘ट्रस्ट’ ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे ‘कंपन्यांची आपसातली भाव-जूट’ एवढा खुलासा करतो आणि कायद्याला ‘शर्मन कायदा’ म्हणतो. ‘अँटीट्रस्ट’चं शब्दशः मराठी करायचा हट्ट धरायचं कारण नाही.

राहिलं ‘बस्टर’. त्यासाठी ‘भंजक’ मला रूझवेल्टच्या बाबतीत तितकासा पटत नाही. त्याच्या मते ट्रस्ट चांगले आणि वाईट असे दोन प्रकारचे होते. वाइटाला न्यायालयात खेचायचं आणि बाकीच्यांवर सरकारी डोळा ठेवायचा, म्हणून १९०३ मध्ये कंपन्यांची चौकशी करणारं खातंच त्याने उभं केलं. इंग्रजीत अवखळ घोडा माणसाळवणाऱ्यालाही ‘बस्टर’च म्हणतात, आणि डाकोटात गुरं राखलेल्या या गड्याला ती छटा जास्त शोभते. मराठीत ‘ट्रस्टांना वठणीवर आणणारा’ म्हणा, नेमकं बसतं. भंजक म्हणायचंच तर त्याच्यानंतरच्या टाफ्टला म्हणा. त्याच्या एकाच कारकिर्दीत रूझवेल्टच्या साडेसात वर्षांहून जास्त खटले भरले गेले, आणि १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे चौतीस तुकडे झाले तेही तोच अध्यक्ष असताना. (खटला मात्र रूझवेल्टच्या काळातला.) त्याच वर्षी टाफ्टने यूएस स्टीलवर खटला भरला. त्यात रूझवेल्टने १९०७ मध्ये मान डोलावलेला एक व्यवहार चव्हाट्यावर आला आणि दोघा मित्रांचं उरलंसुरलं सख्य संपलं.

नावाचं म्हणाल तर घराणं मूळचं डच, आणि घरातला उच्चार ‘रोझ’सारखा, म्हणजे रोझवेल्ट. मराठीत दोन्ही रूपं छापून येतात. वर मी रूझवेल्ट लिहिलंय ते निव्वळ लहानपणापासूनच्या सवयीने. तुम्ही रोझवेल्ट लिहा, कोणी हरकत घेणार नाही.