भोक दिसलं म्हणजे किडा निघून गेला! – लाकूड कोरणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वादळात पडलेली एक जाड फांदी आणून वर्षभर वाळत ठेवली होती. आता कोरायला घेतली, तर सालीजवळ टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि टेबलावर पांढुरकं पीठ सांडलं. फेकून द्यावी का?

आधी ते पीठ चिमटीत चोळून बघा. टाल्कम पावडरीसारखं मऊ लागलं आणि भोकं एक-दोन मिलिमीटरची असली, तर तो बहुधा लिक्टस जातीचा भुंगेरा. पीठ रव्यासारखं खरखरीत लागलं, तर भुंगेरा वेगळा. त्याला दमट लाकूड आवडतं आणि त्याची वाढही संथ असते. उपाय मात्र दोघांवर तोच.

लिक्टसची अळी रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातल्या पिष्टावर जगते. हे पिष्ट सालीलगतच्या फिकट लाकडात असतं, गडद गाभ्यात जवळपास नसतंच. म्हणून नक्षी गाभ्यात बसत असेल, तर फिकट भाग सरळ तासून टाका. अर्धं काम तिथेच होतं.

भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची खूण, आत शिरल्याची नव्हे. भोकात औषध सोडून काही साधत नाही ते यामुळेच. उरलेल्या अळ्या त्या भोकात नसतात, शेजारच्या बंद बोगद्यांत असतात. किडा जिवंत आहे का हे बघायचं, तर लाकूड झटकून पुसून घ्या, जुन्या भोकांभोवती पेन्सिलीने वर्तुळं करा आणि तुकडा काळ्या कागदावर महिनाभर न हलवता ठेवा. न हलवता, कारण धक्क्याने जुनं पीठही गळतं आणि माणूस उगाच घाबरतो. वर्तुळाबाहेर नवं भोक किंवा कागदावर ताजी फिकट ढिगली दिसली, तर किडा जिवंत. काहीच दिसलं नाही, तरी लगेच निश्चिंत होऊ नका. भुंगेरे उबदार दिवसांत बाहेर पडतात, थंडीत कागद कोराच राहतो.

मारायचे दोन भरवशाचे मार्ग आहेत.

उष्णता : लाकडाच्या मध्यभागी 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहायला हवं, निर्यातीच्या लाकडी खोक्यांना हाच आंतरराष्ट्रीय नियम आहे. घरी एक तास धरा. ओव्हन 65 अंशांवर ठेवा, कापून टाकायच्या टोकाला मध्यापर्यंत बारीक भोक पाडून त्यात तापमापकाची सळई बसवा आणि ती 56 दाखवू लागल्यावरच घड्याळ लावा. इथेच बहुतेकांचं चुकतं : ओव्हनचा आकडा पाहून वेळ मोजतात आणि जाड तुकडा आतून कोमटच राहतो. ओलं लाकूड असं तापवू नका, तडकेल. मायक्रोवेव्हच्या वाटेला तर जाऊच नका. आतला भाग बाहेर काही दिसण्याआधी करपतो.

थंडी : तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रीझर आधीच गार असावा आणि खच्चून भरलेला नसावा. लाकूड हळूहळू गार झालं, तर काही किडे थंडीला सरावतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच ठेवा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लाकडावर नाही.

प्रश्न : ताज्या ओंडक्याची साल काढून ठेवली. आठवड्याने त्यावर अगदी बारीक, फिकट, मऊ किडे भराभर पळताना दिसले. भोकं नाहीत, पीठ नाही.

हे लाकूड खाणारे नव्हेत. ओल्या लाकडावर बुरशीचा पातळ थर येतो, तो खाणारे हे सोसिड. ब्रशने झाडा, तुकडे एकमेकांना चिकटवून न ठेवता मध्ये पट्ट्या घालून हवेशीर रचा. ओल गेली की बुरशी जाते आणि त्यांच्यामागे हेही. टुणकन उडी मारणारे असतील, तर ते स्प्रिंगटेल. तेही ओलीचेच सोबती.

प्रश्न : लाकडात बारीक भोकं आहेत आणि त्यांच्या कडा काळ्या पडल्या आहेत. चमचा कोरला तर चालेल?

काळी कड असेल आणि पीठ पडत नसेल, तर हे अ‍ॅम्ब्रोसिया भुंगेऱ्याचं काम. तो ओल्या लाकडात बोगदे करून त्यांत बुरशी वाढवतो आणि तीच खातो. काळा डाग त्या बुरशीचा. लाकूड वाळलं की त्याचा मुक्काम संपतो. शोभेच्या वस्तूत हे डाग छानच दिसतात. चमच्याच्या वाटीत मात्र भोकं नकोत, अन्न अडकतं.

प्रश्न : चमच्याच्या लाकडाला बोरॅक्स लावू की रॉकेल?

दोन्ही नको. बोरॅक्स ओल्या लाकडात खोलवर मुरतो आणि किड्यांवर चालतोही, पण तो मूर्ती, चौकटी अशा वस्तूंसाठी. तोंडात जाणाऱ्या वस्तूला लावू नये. रॉकेल जेमतेम वरच्या थरात शिरतं, त्याचा वास जात नाही आणि नंतर तेलही नीट बसू देत नाही. चमचा ओल्या लाकडातच जाडसर घडवून तासभर पाण्यात उकळा. मग कागदी पिशवीत हळूहळू वाळवा, म्हणजे चिरणार नाही, आणि शेवटचा हात फिरवून जवसाचं तेल द्या. लिक्टसची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. तेल मुरून घट्ट झालं की तिला जागा सापडणं अवघड होतं. किडे आत असताना तेल दिलंत, तर ते तेलाचा थर फोडून बाहेर येतील.